निष्क्रिय खात्यामुळे बाद होणारे विमान कंपन्यांचे पॉइंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवास केला की विमान कंपनी सदस्याच्या खात्यात पॉइंट जमा करते, आणि पुढचं तिकीट त्यांवर काढता येतं. आमच्या घरात आईवडिलांच्या अशा विमान-पॉइंटांची देखरेख माझ्याकडे आली ती एका नुकसानीनंतर. आता मावश्या, काका आणि सोसायटीतले शेजारी धरून अकरा खाती माझ्या वहीत आहेत. या सगळ्यांना मुलं-नातवंडं परदेशात, आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

पॉइंट बाद होतात म्हणजे नक्की काय होतं?

खातं राहतं, सदस्य क्रमांक राहतो, नावही राहतं. शिल्लक मात्र शून्य होते. बहुतेकांना ते कळतं पुढच्या तिकिटाच्या वेळी.

लोक बँकेच्या खात्याशी तुलना करतात आणि तिथेच फसतात. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. पण तरीही केवायसीचे कागद घेऊन गेलात की पैसे तुमचेच असतात. आजोबांच्या नावची विसरलेली ठेव नातवाला मिळू शकते. पॉइंटांचं तसं नाही. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं की पॉइंट ही सदस्याची मालमत्ता नाही. त्यामुळे ते गेले की कुठल्या निधीत जमा होत नाहीत, नुसते पुसले जातात.

मुदत सगळीकडे सारखीच असते का?

नाही. आणि सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा निष्क्रियतेची. शेवटच्या व्यवहारापासून अमुक महिने खात्यात काहीच झालं नाही तर सगळी शिल्लक एकदम जाते. उलट मधे एक छोटासा व्यवहार झाला तरी सगळ्या शिलकीचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दुसरी तऱ्हा ठरलेल्या मुदतीची, दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखी. पॉइंट मिळाले त्या दिवसापासून तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. मधे तुम्ही दहादा प्रवास केलात तरी जुने पॉइंट जुन्या तारखेलाच जातात. नवे पॉइंट त्यांची वेगळी तारीख घेऊन येतात.

तिसऱ्या तऱ्हेत मुदतच नाही.

खातं यातल्या कुठल्या तऱ्हेचं आहे ते कळल्याशिवाय काही करू नका. दुसऱ्या तऱ्हेच्या खात्यात 'हालचाल' दाखवायला चार पैसे खर्च करणारे मी पाहिले आहेत. त्याचा काडीचा उपयोग नसतो.

मग कोणती कंपनी कोणत्या तऱ्हेत बसते?

आपली माणसं ज्या कंपन्यांनी जास्त जातात त्यांच्यापुरतं सांगतो. नियम बदलत असतात, त्यामुळे आपल्या खात्याच्या अटी एकदा उघडून बघाच.

निष्क्रियतेची तऱ्हा: अमेरिकन एअरलाइन्समध्ये २४ महिने. तिथे २१ वर्षांखालच्या सदस्यांना ही अट नाही, म्हणजे नातवंडांच्या खात्यांची काळजी नको. एअर कॅनडाच्या एअरोप्लानमध्ये १८ महिने, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासमध्ये १८ महिने, हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकमध्ये १८ महिने. कॅथेमध्ये पूर्वी तीन वर्षांची ठरलेली मुदत होती, जानेवारी २०२० पासून ती निष्क्रियतेवर गेली. ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंटांना, म्हणजे एव्हिओसला, ३६ महिने, म्हणजे त्यातल्या त्यात ऐसपैस.

एअर इंडियाचा नियम याच घरातला, पण जरा कडक. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी योजनेची फेररचना केली. तेव्हापासून २४ महिन्यांत एकदा तरी एअर इंडियानं उडालात तर पॉइंट टिकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा फ्लाइंग रिटर्न्स हे जुनं नाव जाऊन महाराजा क्लब आलं आणि क्लब विस्ताराचे सदस्यही त्यातच आले. 'माझं विस्ताराचं कार्ड होतं, त्याचं काय झालं' असं अजूनही विचारणारे भेटतात. त्यांनी महाराजा क्लबात जुन्या ईमेलनं शोधावं.

ठरलेली मुदत: सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये ३६ महिने. एमिरेट्समध्ये साधारण तीन वर्षं, आणि मुदत संपते ती तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीला. वाढदिवसाची भेट म्हणायची! लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमध्येही साध्या सदस्याला ३६ महिने.

मुदतच नाही: डेल्टा, युनायटेड, जेटब्लू, साउथवेस्ट. डेल्टानं २०११ मध्ये मुदत काढून टाकली, युनायटेडनं ऑगस्ट २०१९ मध्ये.

निष्क्रियतेच्या नियमात 'हालचाल' कशाला म्हणतात?

सोपं उत्तर: शिल्लक एका पॉइंटनं तरी वर किंवा खाली गेली पाहिजे. प्रवासाचे पॉइंट जमा झाले, हॉटेलातल्या मुक्कामाचे आले, क्रेडिट कार्डाचे पॉइंट इकडे वळवले, पॉइंट देऊन काही घेतलं, पॉइंट विकत घेतले. यातलं काहीही सहसा चालतं.

नुसतं लॉगिन करून बघणं चालत नाही. पत्ता बदलणं, पासवर्ड बदलणं, कंपनीचं ॲप फोनमध्ये ठेवणं, कस्टमर केअरला फोन करणं, यातलं काहीच हालचाल नाही. आमचे एक काका दर महिन्याला ॲप उघडून शिल्लक बघायचे आणि समजत होते की खातं चालू आहे.

अपवाद नीट वाचा. क्वांटासमध्ये घरातल्या घरात एकमेकांना पॉइंट दिले तर ती हालचाल धरत नाहीत. एअर इंडियात वर सांगितल्याप्रमाणे उड्डाणच लागतं. म्हणजे 'व्यवहार झाला ना, मग झालं' असं सरसकट धरू नका.

तिकीट काढून ठेवलं आहे, प्रवास चार महिन्यांनी आहे. मुदत तीन महिन्यांनी संपते. चालेल ना?

नाही. पॉइंट जमा होतात ते प्रवासानंतर, तिकीट काढल्यावर नाही. आणि प्रवासानंतरही लगेच होतील असं नाही. त्याच कंपनीच्या विमानानं गेलात तर दोन-चार दिवसांत दिसतात, भागीदार कंपनीच्या विमानानं गेलात तर कधी कधी काही आठवडे लागतात. मुदत अशी काठावर आली असेल तर प्रवासावर भिस्त ठेवू नका, आधी दुसरा एखादा छोटा व्यवहार करून घ्या.

आमच्या घरचं नुकसान नेमकं असंच झालं. आईचे सव्वाचाळीस हजार पॉइंट होते, मुदत संपायला नऊ दिवस असताना ती विमानात बसली. भागीदार कंपनीचं विमान होतं. पॉइंट जमा झाले तिसऱ्या आठवड्यात, आणि ते रिकाम्या खात्यात झाले. फोनवरच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की जमा झाल्याची तारीख धरतात. दुसऱ्या एका कंपनीत प्रवासाची तारीख धरल्याचंही मी पाहिलं आहे. त्यामुळे यावर वाद घालण्यापेक्षा महिनाभर आधी जागं व्हावं हे बरं.

आईवडील दोन-अडीच वर्षांनी एकदा आमच्याकडे येतात. त्यांचे पॉइंट दर वेळी जातात. काय करावं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि या पानाचं खरं कारणही हेच. १८ किंवा २४ महिन्यांचा नियम महिन्याला दोनदा उडणाऱ्या माणसाला कधी लागतच नाही. तो लागतो नातवंडाच्या बारशाला येऊन गेलेल्या आणि पुन्हा मुंजीपर्यंत न येणाऱ्या आजी-आजोबांना. एका फेरीत मुंबई ते अमेरिका आणि परत एवढं अंतर कापतात, भरपूर पॉइंट मिळतात, आणि पुढच्या फेरीच्या आत ते पुसले जातात.

पहिला उपाय मुळातला आहे: पॉइंट कुठे जमा करायचे ते बदला. एका प्रवासाचे पॉइंट एकाच खात्यात जातात, पण ते खातं त्याच कंपनीचं असायला हवं असं नाही. विमान कंपन्यांचे गट आहेत. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, युनायटेडही त्यातच आहे. आईवडील एअर इंडियानं अमेरिकेला आले आणि तिकिटावर त्यांचा युनायटेडचा क्रमांक घातला, तर पॉइंट युनायटेडमध्ये जातात. तिथे मुदत नाही. पाच वर्षांनी आले तरी शिल्लक जागेवर. तसंच मुंबईहून एअर फ्रान्स किंवा केएलएमनं पॅरिस-ॲम्स्टरडॅममार्गे येत असतील तर डेल्टाचा क्रमांक घालता येतो, कारण तिन्ही स्कायटीम गटात आहेत.

याला एक खोट आहे. स्वस्तातल्या स्वस्त तिकिटावर भागीदार कंपनीत कमी पॉइंट मिळतात, काही भाडेवर्गांवर मिळतच नाहीत. भाडेवर्ग म्हणजे तिकिटाच्या भाड्याची पायरी, तिचं अक्षर तिकिटावर असतं. ते बघून दोन्ही कंपन्यांचा पॉइंटांचा तक्ता ताडून पाहा. पण कमी मिळालेले आणि टिकलेले पॉइंट हे जास्त मिळून बुडालेल्या पॉइंटांपेक्षा केव्हाही चांगले, असं माझं मत आहे. वर्षातून चार वेळा उडणाऱ्याला मी हा सल्ला देणार नाही.

दुसरा उपाय, खातं आधीच उघडलेलं असेल आणि त्यात शिल्लक असेल तर: वर्षातून एकदा त्यात काहीतरी पडेल अशी सोय लावा. अमेरिकन कंपन्यांची खरेदीची पोर्टलं असतात. त्यातून दुकानाच्या साइटवर गेलात आणि काही घेतलंत की डॉलरमागे एक-दोन पॉइंट जमा होतात. तिथे सहसा कोणाच्या खात्यानं आत शिरलात ते मोजतात, पैसे कोणाच्या कार्डानं दिले ते नाही. माझी बहीण न्यू जर्सीहून दर दिवाळीत बाबांच्या खात्यानं पोर्टलमध्ये जाऊन मुलांचे मोजे घेते. बारा-पंधरा पॉइंट येतात आणि बाकीची सगळी शिल्लक आणखी दोन वर्षं जगते. घरात त्याला 'बाबांचे मोजे' असंच नाव पडलं आहे. पोर्टलचे पॉइंटही जमा व्हायला वेळ घेतात, आणि वस्तू परत केली तर काढून घेतात. मोजे परत करू नका.

भारतातच राहणाऱ्यांना काय सोपं पडेल?

क्रेडिट कार्ड. भारतातल्या बऱ्याच बँकांच्या वरच्या दर्जाच्या कार्डांचे पॉइंट परदेशी विमान कंपन्यांकडे वळवता येतात. मुदत वाचवायला सगळे वळवू नका, कमीत कमी जेवढे चालतात तेवढेच वळवा. एकदा वळवलेले पॉइंट परत कार्डावर येत नाहीत. त्यातही सहसा कार्डधारकाचं नाव आणि विमान खात्यातलं नाव एकच लागतं, म्हणून मुलाच्या कार्डाचे पॉइंट थेट आईच्या खात्यात जाणार नाहीत.

हॉटेलांचे पॉइंटही चालतात. मॅरियट बॉनव्हॉयचे ३,००० पॉइंट दिले की बहुतेक विमान कंपन्यांमध्ये १,००० होतात. लेकाच्या लग्नाला तारांकित हॉटेलात मुक्काम झाला असेल तर खात्यात तेवढे निघतात. लक्षात असू द्या, मॅरियटचे पॉइंटसुद्धा २४ महिने खातं थंड राहिलं तर जातात.

आणि एअर इंडियाच्या खात्यापुरतं सांगायचं तर पुणे-दिल्ली असा एखादा देशातला प्रवासही खात्याला जागं ठेवतो. कुठल्यातरी लग्नाला जायचंच असतं, ते या विमानानं जा.

प्रवास केला तरी पॉइंट जमाच झाले नाहीत. असं का?

दहापैकी सात वेळा कारण नाव असतं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव. खातं उघडताना मधलं नाव वगळलं, तिकिटावर ते पहिल्या नावाला चिकटून आलं, की संगणकाला ही दोन माणसं वाटतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर विचारू नका: खातं माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, त्यासाठी पासपोर्टची प्रत आणि लागल्यास विवाह प्रमाणपत्र मागतात.

झालेल्या प्रवासाचे पॉइंट मागता येतात, पण त्यालाही मुदत असते. पुष्कळ ठिकाणी सहा महिने. बोर्डिंग पास टाकून देऊ नका. निदान त्याचा फोटो आणि तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक ठेवा.

माझी एकाच कंपनीत दोन खाती निघाली आहेत. दोन्ही ठेवू का?

नको. एजंटानं दर वेळी नवीन क्रमांक काढून दिला की असं होतं. अटींप्रमाणे एका माणसाला एकच खातं चालतं. स्वतःहून कळवून दोन्ही एकत्र करून घ्या, तेवढ्यासाठी शिक्षा करत नाहीत. पण ज्या खात्यात मुदत जवळ आली आहे त्याची आधी सोय करा, एकत्रीकरणाला आठवडे लागतात.

खातं जुन्या ऑफिसच्या ईमेलवर आहे आणि मोबाइलही बदलला. आता?

हिंजवडीतून २००८-१० च्या सुमाराला ऑनसाइट गेलेल्या अख्ख्या पिढीचं हे दुखणं आहे. मुदतीची सूचना येते ती त्या मेलवर, जो नोकरी सोडल्याच्या दिवशी बंद झाला. ओटीपी जातो त्या नंबरवर, जो आज दुसऱ्याच कोणाकडे असू शकतो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते.

सदस्य क्रमांक माहीत असेल तर काम सोपं. नसेल तर जुन्या तिकिटाच्या छापील प्रतीवर, बॅगेच्या प्लॅस्टिक टॅगवर, जुन्या इनबॉक्समध्ये शोधा. मग ओळखपत्र देऊन ईमेल बदलून घ्या. अशा वेळी एक मजा होते: इतक्या वर्षांनी खातं उघडल्यावर कळतं की डेल्टा-युनायटेडसारख्या ठिकाणचे पॉइंट जागेवर आहेत. शेजारच्या एका गृहस्थांना असे अठरा हजार सापडले. त्यांनी पेढे वाटले.

बाद झालेले पॉइंट परत मिळतात का?

कधी कधी. काही कंपन्या ठरावीक काळाच्या आत पैसे घेऊन परत देतात. काही सांगतात की अमुक दिवसांत एवढे नवे पॉइंट मिळवा, जुने परत देतो. पहिल्याच फोनला नाही म्हणाले तरी लेखी विचारा. आजारपण, मृत्यू यांसारखं कारण कागदासह दिलं तर ऐकतातही. आईच्या वेळी आम्हाला काही मिळालं नाही. पण मावशीच्या वेळी दुसऱ्या कंपनीनं हॉस्पिटलचे कागद बघून सगळे परत दिले, एक रुपया न घेता.

पैसे भरून पॉइंट वाचवावेत की जाऊ द्यावेत?

आधी पॉइंटची किंमत काढा. समजा एका तिकिटाचं भाडं ६,००० रुपये आहे. तेच तिकीट पॉइंटवर काढलं तर ८,५०० पॉइंट आणि वर ९०० रुपये कर लागतात. म्हणजे ८,५०० पॉइंटांनी तुमचे ५,१०० रुपये वाचले. एक पॉइंट ६० पैशांचा. खात्यात ३,००० पॉइंट असतील तर ते १,८०० रुपयांचे झाले. त्यांच्यासाठी अडीच हजार फी भरणं वेडेपणा आहे.

हिशेबात आणखी एक विचार घाला: हे पॉइंट खरंच वापरले जाणार आहेत का? ३,००० पॉइंटांत कुठलंच तिकीट येत नसेल, आणि पुढच्या दोन वर्षांत ते वाढणारही नसतील, तर त्यांची किंमत १,८०० नव्हे, शून्य आहे. जाऊ द्या. गेलेल्या पॉइंटांची हळहळ आणि प्रत्यक्ष नुकसान यांत बरंच अंतर असतं, आणि फी घेणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

ठरलेल्या मुदतीच्या काही योजनांतही फी भरून थोडी वाढ मिळते. क्रिसफ्लायरमध्ये साध्या सदस्याला सहा महिन्यांची मिळते. सहा महिन्यांत तिकीट काढायचं नक्की असेल तरच घ्या.

मुदत संपण्याआधी पॉइंटवर तिकीट काढलं आणि नंतर रद्द केलं तर?

निष्क्रियतेच्या योजनेत फारसा प्रश्न येत नाही. ठरलेल्या मुदतीच्या योजनेत मात्र, रद्द करताना मूळ तारीख उलटून गेली असेल तर ते पॉइंट परत येताक्षणीच बाद होतात. मुदत वाचवायला 'आत्ता काहीतरी काढू, मग बदलू' असं करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. तारीख बदलणं आणि तिकीट रद्द करणं या दोन गोष्टींचे नियम वेगळे असतात. बदल चालत असेल तर बदलच करा.

सदस्यत्वाची सिल्व्हर-गोल्ड पायरी आणि पॉइंट, दोन्हींची मुदत एकच का?

नाही. पायरी सहसा वर्षाच्या हिशेबानं मिळते आणि जाते. गोल्ड गेलं म्हणून पॉइंट जात नाहीत. मात्र काही कंपन्यांत वरच्या पायरीवर असेपर्यंत पॉइंटांना मुदत लागत नाही. ती पायरी उतरली की घड्याळ सुरू होतं. लुफ्तान्साचा नियम असाच आहे.

मुळात कंपन्या मुदत घालतातच का? पॉइंट ठेवायला गोदाम थोडंच लागतं?

गोदाम लागत नाही, हिशेबाच्या वहीत जागा लागते. तुम्ही तिकिटाचे जे पैसे देता त्यातला काही भाग पॉइंटांच्या बदल्यात दिलेला असतो. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या इंड एएस ११५ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे तो भाग कंपनीला लगेच कमाई म्हणून दाखवता येत नाही. पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत तो देण्याच्या बाजूला राहतो. कोट्यवधी सदस्यांचे पडून असलेले पॉइंट म्हणजे मोठी देणेदारी. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत याचा अंदाजही कंपन्या आधीच धरून चालतात.

म्हणजे तुमच्या विसरण्याचा हिशेब त्यांनी केलेला आहे. तुम्ही मात्र केलेला नाही.

दुसरं कारण साधं धंद्याचं. अमेरिकन एअरलाइन्सनं मे १९८१ मध्ये आपली योजना आणली आणि काही दिवसांतच युनायटेडनं. तेव्हापासून या योजनांचा उद्देश एकच: गिऱ्हाईक दुसऱ्याच्या विमानात बसू नये. निष्क्रियतेची मुदत ही त्याच धाग्याची गाठ आहे. पण तिची उलटी बाजूही काही कंपन्यांना कळली. मुदत काढली की लोक निश्चिंतपणे साठवत राहतात, कार्ड वापरत राहतात. डेल्टा आणि युनायटेडनं मुदत काढली ती दानधर्म म्हणून नव्हे.

याविरुद्ध कायदा काही करत नाही का?

जगात थोडं आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं २०१६ मध्ये कायदा करून, केवळ काळ लोटला म्हणून पॉइंट बाद करायला बंदी केली. पण निष्क्रियतेमुळे बाद करायला तिथेही वाट ठेवलेली आहे. अमेरिकेत एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं: एका सदस्याचं खातंच कंपनीनं रद्द केलं होतं, त्यानं कंपनीच्या सचोटीचा मुद्दा काढला. न्यायालयानं २०१४ मध्ये एकमतानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, कारण विमान वाहतूक सरकारी नियंत्रणातून मुक्त करणारा कायदा असे दावे चालू देत नाही.

भारतात नियम अटींवर चालतो. अटीत मुदत स्पष्ट लिहिली असेल तर 'मला माहीत नव्हतं' हा मुद्दा फार पुढे नेत नाही. पण केलेल्या प्रवासाचे पॉइंट दिलेच नाहीत, किंवा लेखी दिलेली तारीख पाळली नाही, असं असेल तर तक्रारीत दम असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे नोंद केली की कंपनीकडून निदान माणसाच्या हातचं उत्तर येतं.

कंपनीच बंद पडली तर?

मग मुदतीचा प्रश्नच मिटला. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, आणि तिच्या किंग क्लबचे पॉइंट साठवणाऱ्यांच्या हाती लाल कार्ड तेवढं राहिलं. जेट एअरवेजची गोष्ट जरा निराळी. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं, पण जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीकडे होती आणि तीत एतिहादचा मोठा हिस्सा होता. त्यामुळे जेट बंद पडली तरी पॉइंट राहिले, नोव्हेंबर २०१९ मध्ये योजनेचं नाव इंटरमाइल्स झालं. ज्या विमानात बसण्यासाठी ते जमवले ते विमान मात्र नव्हतं.

कंपनीच्या अडचणीच्या बातम्या येऊ लागल्या की पॉइंट आधी वापरा. ते ठेव नाहीत, त्यांना विमा नाही.

'तुमचे ९,८५० पॉइंट आज रात्री बाद होत आहेत, इथे क्लिक करा' असा मेसेज आला आहे.

पुसून टाका. खऱ्या सूचनेत घाई इतकी नसते आणि ती बहुतेक ईमेलनं, काही आठवडे आधी येते. मेसेजमधल्या दुव्यावर जाऊ नका, त्यातून येणारं ॲप तर अजिबात उतरवून घेऊ नका. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून खातं बघा. क्लिक झालंच आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते.

सदस्याचं निधन झालं तर पॉइंटांचं काय?

पुष्कळ योजनांत ते सदस्याबरोबर संपतात. काही ठिकाणी मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद दिल्यावर जवळच्या माणसाच्या खात्यात वळवतात. मृत्युपत्रात लिहिलं म्हणून मिळतील असं नाही. खातं बंद करायला सांगण्याआधी वळवण्याबद्दल विचारा, हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

आता आमच्यानं एवढा प्रवास होत नाही. पॉइंटवर दुसऱ्या कोणाचं तिकीट काढता येतं का?

येतं, बहुतेक सगळीकडे. तुमच्या खात्यातले पॉइंट आणि प्रवासी दुसरा, यात अडचण नाही. काही कंपन्यांत नावं आधी नोंदवावी लागतात. क्रिसफ्लायरमध्ये अशी पाच माणसं नोंदवता येतात. फक्त त्याबद्दल त्या माणसाकडून पैसे घेऊ नका. पॉइंट विकणं बहुतेक अटींत बसत नाही आणि सापडल्यास खातंच बंद होतं.

निष्क्रियतेच्या योजनेत याचा दुहेरी फायदा: तिकीट काढणं हीच हालचाल ठरते आणि उरलेल्या शिलकीची मुदत पुढे जाते. गेल्या वर्षी बाबांच्या पॉइंटांवर आम्ही माझ्या भाच्याचं पहिल्या नोकरीसाठी बंगळूरला जायचं तिकीट काढलं. बाबांनी दोनदाच विचारलं: खिडकीची जागा मिळाली का, आणि माझे उरले किती.